फ्लॉरेन्सच्या संगमावरचा आपला राजा आणि आपल्या नदीतली नाव

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. पुण्यात नोकरीला असतो. म्हणाला, "मामा, मे महिन्यात आम्ही तुर्कस्तानला चाललोय. दल्यान म्हणून नदीकाठचं गाव आहे. रोज होडीनं फिरायचं. त्याआधी डिसेंबरात पोरांना घेऊन तुमच्याकडं येतो. पोरं कधी होडीत बसलेली नाहीत, त्यांची भीती तरी मोडेल. पंचगंगेत एक दिवसाची होडीची ट्रिप करू. प्लॅन तुम्ही करा."

मी रुबाबात "हो, ये की" म्हटलं. फोन ठेवला आणि डोकं खाजवत बसलो. पाच नद्यांचं नाव लावणाऱ्या नदीच्या काठी सगळा जन्म गेला, आणि पाहुण्याला नदीत होडी कुठं मिळंल ते मला सांगता येईना. रंकाळ्यात बोटिंग आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलंय. पण रंकाळा तलाव हाय, नदी न्हवं.

मग म्हटलं, आधी त्याचा प्लॅन बघू. त्यानं व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला होता. एक दिवस नदीतून कौनोस नावाच्या जुन्या शहराचे अवशेष, डोंगराच्या कड्यात कोरलेल्या राजेलोकांच्या समाध्या. एक दिवस वरच्या बाजूला कॉयजेईज नावाचं सरोवर आणि चिखलाची आंघोळ. एक दिवस नदी समुद्राला मिळते तिथला किनारा. होडी कुठून सुटणार, परत कधी येणार, सगळं ठरलेलं.

थोडं वाचलं तेव्हा दोन गोष्टींनी मी चक्रावलो. एक म्हणजे 'दल्यान' या तुर्की शब्दाचा अर्थच मुळात मासे धरायचा बांध. म्हणजे गावाचं नावच बंधारा! दुसरी गोष्ट, तिथल्या होड्या चालतात नावाड्यांच्या सहकारी संस्थेमार्फत. सहकार म्हटलं की कोल्हापूर, असं आपण छाती पुढं काढून सांगतो. साखर कारखाने, दूध संघ, बँका, सूतगिरण्या, काय म्हणाल ते सहकारात काढलं. होडी तेवढी राहिली.

अजून एक. तिथल्या इझतुझू किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. १९८७ च्या सुमारास तिथं मोठं हॉटेल उभारायचं ठरलं होतं. जून हाइमोफ नावाच्या एक इंग्रज बाई किनाऱ्यावर झोपडीत राहायच्या. त्यांनी आणि पर्यावरणवाल्यांनी आवाज उठवला, बाहेरच्या देशांतूनही दबाव आला, आणि १९८८ मध्ये तो सगळा भाग संरक्षित जाहीर झाला. अंड्यांच्या हंगामात रात्री तो किनारा माणसांना बंद असतो. म्हणजे आधी नदी आणि किनारा राखला, त्यावर गावाचं पोट चाललं. उलटं नाही.

हे वाचताना मला आपल्याच एका माणसाची आठवण झाली. परदेशातली प्रेक्षणीय स्थळं बघत फिरणारा आणि रोज रात्री त्याची नोंद ठेवणारा एक कोल्हापूरकर दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला. छत्रपती राजाराम महाराज.

इथं जरा थांबतो, कारण आपल्याकडं राजाराम नावाचा गोंधळ होतो. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम महाराज सगळ्यांना माहीत. राजारामपुरी ज्यांच्या नावाची ते शाहू महाराजांचे पुत्र, १९२२ ते १९४० या काळातले. मी म्हणतोय ते या दोघांच्या मधले. जन्म १८५०. पाटणकरांच्या घरातून दत्तक आले आणि १८६६ मध्ये, कोवळ्या वयात गादीवर बसले. इंग्रजी शिकलेले. राजाराम कॉलेजला नाव यांचं.

१८७० मध्ये हा वीस वर्षांचा राजा युरोपच्या दौऱ्यावर गेला. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणारा तो काळ. गादीवर असलेल्या हिंदू राजानं बोटीत पाय ठेवणं हीच मोठी बातमी होती. इंग्लंडात फिरले, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. काय बघितलं, कुणाला भेटलो, याची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत. ती रोजनिशी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापून निघाली. कॅप्टन एडवर्ड वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्यानं ती संपादित केली.

पण पुस्तक निघालं तेव्हा लिहिणारा हयात नव्हता.

परतीच्या वाटेवर युरोपात फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं होतं. महाराजांचा ताफा युरोपातून दक्षिणेला इटलीकडं निघाला. वाटेत प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत फार खालावली आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथल्या हॉटेलात महाराजांनी देह ठेवला. वय वर्षं वीस.

आता पुढचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी. सगळा देश कॅथलिक. प्रेत जाळणं ही तिथं कल्पनेपलीकडची गोष्ट, सगळे पुरणारे. आणि ही आपली मूठभर माणसं, परक्या देशात, ना भाषा येते ना कोण ओळखीचं, सांगतात की आमच्या राजाला अग्नी द्यायचाय, आणि तो नदीच्या संगमावर द्यायचाय. अडून बसायला तिथल्या कारभाऱ्यांकडं हजार कारणं होती. पण त्यांनी परवानगी दिली. शहराबाहेर कॅशिने नावाचं झाडीचं मोठं उद्यान आहे. त्याच्या टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी अर्नो नदीला मिळते. त्या संगमावर रात्री चिता रचली आणि कोल्हापूरच्या छत्रपतींना अग्नी दिला.

गोष्ट इथं संपली असती. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, त्या जागी छत्री उभी राहिली. आपल्याकडच्या धाटणीची, नक्षीदार, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. हे नाव लक्षात ठेवा. आपला न्यू पॅलेस याच माणसाचा, आणि भाऊसिंगजी रोडवरचा टाऊन हॉलही त्याचाच. पुतळा घडवला चार्ल्स फुलर या शिल्पकारानं.

फ्लॉरेन्सची माणसं त्या जागेला 'इंडियानो' म्हणतात, म्हणजे 'हिंदी माणूस'. पुढं १९७८ मध्ये तिथं जवळच अर्नोवर मोठा पूल झाला. त्या पुलाचं नावही तेच पडलं. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. गाडीतल्या किती जणांना कोल्हापूर कुठं हाय ते ठाऊक असंल? पण एक परका पोरगा इथं संगमावर जळला, एवढी गोष्ट त्या शहरानं पुलाच्या नावात जपून ठेवली.

मला नेहमी एक प्रश्न पडतो. त्या ताफ्यातल्या माणसांना परमुलखात संगमच का हवा वाटला? शास्त्र होतंच. पण मला वाटतं, ती माणसं प्रयाग चिखली आणि नृसिंहवाडी बघत मोठी झाली होती. संगम म्हणजे काय हे त्यांना पोथीतून शिकायला लागलं नव्हतं.

आता आपल्या संगमाकडं येतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या. प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि तिथून पुढं पंचगंगा. कोल्हापूर शहराला वळसा घालून, इचलकरंजीवरून, शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. म्हणजे जन्मही संगमावर आणि शेवटही संगमावर.

या नदीकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहन काळातली वस्ती सापडली. त्या टेकडीतनं बाहेर आलेल्या वस्तूंत काशाची एक छोटी मूर्ती होती, पोसायडनची. पोसायडन म्हणजे ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव. भूमध्य समुद्राच्या बाजूनं जहाजातून कोकण किनाऱ्यावर, तिथून घाट चढून बैलांच्या पाठीवर पंचगंगेच्या काठी. भाचा होडीतून ज्या समुद्राकडं जाणार, त्याच समुद्राचा देव दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावात येऊन बसला होता. आणि आज तो आहे कुठं? टाऊन हॉल म्युझियममध्ये, म्हणजे मँटच्याच इमारतीत. पोरांना तिथं नेलं तेव्हा धाकटी म्हणाली, "आजोबा, समुद्राचा देव इथं काय करतोय?" म्हटलं, "पाहुणा आलाय बाळा, परत गेलाच नाही."

आता मूळ प्रश्न. नदी होती, घाट होते, गावं होती. मग नाव गेली कुठं?

माझं आजोळ पंचगंगाकाठचंच. आजी सांगायची, पलीकडच्या गावाला जायचं तर तरीवर जाऊन नावाड्याला हाळी द्यायची. तर म्हणजे नदी ओलांडायची ठरलेली जागा. नावाड्याला पैसे रोज द्यायचे नाहीत, सुगीत जोंधळा मापून द्यायचा. लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, शेळ्या, गुळाच्या ढेपा, सगळं नावेतनं. नाव नसली तर गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडायची. गूळ शिजवायची भलीमोठी काहील, तिच्यात माणसं बसवून पल्याड न्यायचे. हे ऐकून पुण्याची पोरं हसून लोळली. पण खरंच सांगतो, महापुरात काहिलीनं इथं माणसं काढलीत.

पहिल्यांदा पूल आले. शहरालगतचा शिवाजी पूल इंग्रजांच्या वेळचा, दगडी कमानींचा. पुढं गावोगाव पूल झाले आणि तरीवरचा नावाडी बसून राहिला. त्यात वाईट काही नाही. बाळंतीण नावेत अडकण्यापेक्षा गाडीतनं दवाखान्यात गेलेली केव्हाही बरी.

दुसरे आले ते बंधारे. शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीला धरण बांधायला घेतलं. संस्थान ते केवढं आणि काम केवढं! पैशाअभावी अर्धवट थांबलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं. पण त्या धरणानं इथल्या शेतकऱ्याचं नशीब बदललं. धरणातलं पाणी नदीतनंच खाली सोडायचं आणि ठिकठिकाणी अडवायचं, अशी युक्ती निघाली. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा संपला की खाचांत बरगे घालायचे, पावसाच्या तोंडाला काढून घ्यायचे. यालाच महाराष्ट्रभर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी बंधाऱ्यांची रांग पंचगंगेवर उभी आहे. ऊस आला, गूळ आला, कारखाने आले. आज आपण जे काही आहोत त्यात या बरग्यांचा वाटा मोठा.

पण होडीच्या दृष्टीनं बघा. बरगे घातले की नदीचे तुकडे झाले. एका बंधाऱ्यापासनं दुसऱ्यापर्यंत लांबट तळी. कोल्हापुरात होडीत बसून वाडीला उतरायचं म्हटलं तर हिवाळ्यात बंधारे आडवे, आणि पावसाळ्यात बरगे निघाल्यावर नदी अशी धावते की जीव धोक्यात. म्हणजे भाच्याला 'होडीनं संगमापर्यंत' असा प्लॅन देताच येत नाही. दल्यान हे गावाचं नाव बंधाऱ्यावरून पडलं, पण तिथं होडीला वाट राहिली. आपल्याकडं ती कुणी मागितलीच नाही.

तिसरं कारण सांगताना मान खाली जाते. साचलेल्या पाण्यात आपण काय सोडलं? शहराचे नाले, कारखान्यांचं पाणी, गावांचं सांडपाणी. जयंती नाला आपल्यातल्या कुणाला ठाऊक नाही? उन्हाळ्यात इचलकरंजीच्या खाली केंदाळ इतकं माजतं की नदी आहे का हिरवं रान, कळत नाही. तेरवाडला मेलेले मासे दिसले की पेपरात फोटो येतो, चार दिवस गवगवा होतो, पाचव्या दिवशी गप्प. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. कोल्हापूर शहराला काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन आणावी लागली. २०२३ च्या दिवाळीत ते पाणी आलं, आपण फटाके वाजवले. मीही वाजवले. पण पाच नद्यांच्या काठचं गाव लांबच्या धरणातनं पाणी आणतं आणि त्याचा आनंद साजरा करतं, यात काहीतरी चुकतंय असं त्या रात्रीही वाटलं होतं.

मग आज कोल्हापूरकराला होडी कधी आठवते? महापुरात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे आपल्याकडं बारक्या पोरालाही पाठ. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. चिखली, आंबेवाडीची माणसं बोटींनी काढली. तिकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातनं बाहेर पडणारी माणसं घेऊन निघालेली नाव उलटली, घरंच्या घरं रिकामी झाली. ज्या प्रदेशात नाव चालवणं हा रोजचा व्यवहार होता, तिथं नाव आता फक्त संकटाच्या दिवशी पाण्यात उतरते. बाकी वर्षभर तिच्यात कोण बसत नाही, ती कोण दुरुस्त करत नाही आणि नवी पोरं ती चालवायला शिकत नाहीत. सांगलीकडं कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, तेवढी ही विद्या तिथं जिवंत आहे.

म्हणून मी म्हणतो, होडीची ट्रिप ही नुसती हौस न्हवं. एखाद्या ठिकाणी रोज नाव चालली तर तिथं नावाडी तयार होतो, लाइफ जॅकेट जागेवर असतात, घाट धड राहतो, पाणी घाण झालं की बोंब मारणारा माणूस कायम काठावर असतो. पुराच्या दिवशी हीच नाव आणि हाच नावाडी कामाला येतो.

आता शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर.

सकाळी लवकर पंचगंगा घाट. होडी नाही, नुसतं पायऱ्यांवर बसलो. उन्हं यायच्या आधी नदीवर धुकं असतं, तेव्हा ती अजून तरुण दिसते. मग टाऊन हॉल म्युझियम, पोसायडनला रामराम. तिथनं गाडीनं नृसिंहवाडी. दर्शन घेतलं, घाटावर नाववाले भेटले. भाव ठरवून नावेत बसलो. कृष्णा आणि पंचगंगा जिथं मिळतात तिथवर गेलो. धाकटी पहिली पाच मिनिटं मला घट्ट धरून बसली होती, परतताना उतरायला तयार नव्हती. नावाड्यानं पोरांना पुराचं पाणी कुठवर येतं ते बोट करून दाखवलं. दक्षिणद्वाराचा सोहळा म्हणजे काय, नदीच देवाच्या पादुकांवरनं वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर कशी पडते, ते त्याच्याच तोंडून ऐकलं. असला गाईड तुर्कस्तानात मिळायचा नाही.

दुपारी वाडीत जेवण, वर बासुंदी, बरोबर घ्यायला कवठाची बर्फी. पुढं कुरुंदवाड करून खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या वेळचं, बाराव्या शतकातलं. स्वर्गमंडपाच्या मधोमध छत नाही, गोल उघडं आभाळ. पोरं खालच्या गोल शिळेवर उताणी पडून वर बघत बसली. देवळामागं कृष्णा, पलीकडं कर्नाटक. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात नावेचं नावही काढू नका, आणि लाइफ जॅकेट नसलं तर नावेत बसूही नका. आम्हाला मागून घ्यावं लागलं, पण मिळालं.

रात्री जेवताना मी पोरांना फ्लॉरेन्सच्या राजाची गोष्ट सांगितली. थोरला सहावीत आहे. तो म्हणाला, "म्हणजे इटलीत गेलो तर आपल्या राजाची जागा बघता येते. आणि इटलीवाले इथं आले तर त्यांना आपण कुठला संगम दाखवायचा?"

भाचा माझ्याकडं बघायला लागला, मी ताटाकडं.

पोराला मी त्या रात्री उत्तर दिलं नाही. आज देतो. प्रयाग चिखली दाखवायचं. महाराजांच्या माणसांच्या मनात जो संगम होता तो हा. तिथं चार गोष्टी झाल्या तरी पुष्कळ: धड घाट, गावातल्याच नावाड्यांच्या सहकारी संस्थेच्या चार-पाच होड्या, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि फ्लॉरेन्सची गोष्ट सांगणारा एक फलक. बंधारे हलवायला नकोत, कोटींचा प्रकल्प नको, काचेचा पूल तर अजिबात नको. चिखली ते शहर एवढ्या पट्ट्यात हिवाळ्याचे तीन महिने नाव चालली तरी बास. मात्र नाले नदीत सोडायचे थांबवल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. घाण पाण्यात कोण लेकरांना घेऊन बसंल?

एका परक्या शहरानं आपल्या राजासाठी संगमाची जागा दिली आणि दीडशे वर्षं राखली. आपल्या संगमाची राखण आपल्याकडंच आहे.

तुमच्या गावात तर होती का? नावाडी कोण होते, सुगीत काय द्यायचात? जुन्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. ही माणसं गेली की हा इतिहासही पाण्यात गेला म्हणून समजा.